घड्याळाच्या धातुपट्ट्यांवरील बकलांचा कालनिर्णय

(१)

ताम्रपट, नाणी, शिक्के आणि मोडी कागद यांच्या आधारे कालनिर्णय करण्याची परंपरा आपल्याकडे चांगली रुजलेली आहे. कारखान्यात हजारोंच्या संख्येने निघालेल्या नित्योपयोगी वस्तूंकडे मात्र साधन म्हणून पाहण्याची सवय अद्याप तितकी रूढ झालेली नाही. विसाव्या शतकाचा भौतिक इतिहास लिहावयाचा तर ही सवय लावून घेणे अपरिहार्य आहे. कारण त्या शतकातील सामान्य माणसाच्या जीवनाचा पुष्कळसा पुरावा अशाच वस्तूंत साठलेला आहे. प्रस्तुत लेखात मनगटी घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याची दोन टोके जोडणाऱ्या बकलाचा विचार केला आहे. वस्तू क्षुल्लक खरी; परंतु तिच्यावर उमटवलेल्या चार-दोन अक्षरांतून जो प्रश्न उभा राहतो तो क्षुल्लक नाही.

तो प्रश्न असा: बकलावरील खुणांवरून त्याचा काळ ठरवता येतो काय, आणि येत असल्यास त्यावरून घड्याळाविषयी काय सिद्ध होते? पहिल्या भागाचे उत्तर बहुतांशी होकारार्थी आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर देताना मात्र संग्राहक, विक्रेते आणि क्वचित वस्तुसंग्रहालयेही घाई करतात. पेशवेकालीन पुष्कळशा पत्रांत चंद्र व महिना असतो आणि वर्ष नसते. संपादकाला ते अंतर्गत पुराव्यावरून ठरवावे लागते. बकलाच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलट आहे. येथे वर्ष अनेकदा स्पष्ट असते. ते वर्ष नक्की कशाचे, हेच ठरवावे लागते.

पुढील विवेचनात दोन संज्ञा वारंवार येतील. ज्या काळाच्या आधी एखादी वस्तू तयार झालेली असणे शक्य नाही, ती तिची पूर्वमर्यादा. ज्या काळानंतर ती तयार झालेली असणे शक्य नाही, ती तिची उत्तरमर्यादा. बकलावरील प्रत्येक खूण या दोहोंपैकी काय पुरवते, हे पाहणे हीच कालनिर्णयाची पहिली पायरी होय.

(२)

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत पुरुषवर्गात खिशात ठेवण्याच्या घड्याळाचाच प्रघात होता. युद्धाने मनगटी घड्याळाला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या काळातील बहुतेक मनगटी घड्याळांच्या डबीला तारेचे कान डाखाने पक्के बसवलेले असत, आणि चामड्याचा पट्टा त्यांतून ओवून घ्यावा लागे. पुढे दोन महायुद्धांच्या दरम्यान, आत स्प्रिंग असलेली आणि सहज काढता येणारी काडी प्रचारात आली. या लहानशा सुधारणेचा परिणाम मोठा झाला. पट्टा घड्याळापासून कोणालाही, कोठेही, क्षणात वेगळा करता येऊ लागला. इतिहासकाराच्या अडचणीचा उगम येथेच आहे.

बकलाच्या घडणीवरून मिळणारा पुरावा स्थूल असतो, तरी तो निरुपयोगी नाही. पॅरिसच्या कार्तिए या पेढीने १९१० च्या सुमारास पात्यांची घडी होऊन मिटणारे बक्कल चामड्याच्या पट्ट्यासाठी पुढे आणले. धातूच्या पट्ट्यांवर पुढील काळात सर्वत्र दिसणारी घडीची बकले याच कल्पनेचा विस्तार होत. १९३० च्या सुमारास ब्रिटनमध्ये ‘बॉनक्लिप’ या नावाचा पट्टा निघाला. त्यात शिडीसारख्या आडव्या दांड्यांची मालिका असून बकलाचा आकडा हव्या त्या दांडीवर अडकवता येतो. हा प्रकार इतका सोयीचा ठरला की अनेक देशांतील कारखान्यांनी त्याचे अनुकरण केले.

धातू व मुलामा यांचाही उपयोग होतो. क्रोमियमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर वापरात आला तो १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यास. म्हणून मूळचाच क्रोमियम-मुलामा असलेले बक्कल त्यापूर्वीचे असू शकत नाही. गंजरोधक पोलाद शेफील्ड येथे १९१३ साली तयार झाले, तरी घड्याळांच्या व्यवसायात त्याचा प्रसार मुख्यतः १९३० नंतरच्या दशकातला आहे. परंतु घडण आणि धातू यांवरून मिळते ती केवळ पूर्वमर्यादा. एकदा प्रचारात आलेली घडण दशकानुदशके चालू राहते. तिच्यावरून उत्तरमर्यादा काढू पाहणे हा तर्कदोष होय.

(३)

मौल्यवान धातूंच्या बकलांवर कसाचे शिक्के असतात. हे शिक्के शासनाने किंवा शासनमान्य कचेरीने उमटवलेले असल्यामुळे पुराव्याच्या दृष्टीने त्यांचे स्थान वरचे आहे. परंतु सर्वच देशांचे शिक्के सारखी माहिती देत नाहीत.

इंग्लंडमधील पद्धती सर्वांत बोलकी आहे. तेथील शिक्क्यात कारागिराची आद्याक्षरे, कसाची खूण, कचेरीचे चिन्ह आणि वर्षदर्शक अक्षर असे चार घटक येतात. लंडनच्या कचेरीचे चिन्ह बिबट्याचे मस्तक, बर्मिंगहॅमचे नांगर. वर्षदर्शक अक्षर वाचताना कचेरीचे चिन्ह आधी पाहिले नाही तर मोठी चूक होते. कारण प्रत्येक कचेरीची अक्षरमाला स्वतंत्र होती. रोमन वर्णमालेतील पहिले मोठे अक्षर लंडनच्या शिक्क्यात १९३६-३७ हे वर्ष दाखवते. तेच अक्षर बर्मिंगहॅमच्या शिक्क्यात १९२५-२६ किंवा १९५०-५१ दाखवते, आणि या दोहोंतील निवड अक्षराचे वळण व भोवतालच्या ढालीचा आकार पाहून करावी लागते. येथे जोडवर्ष देण्याचे कारण असे की लंडनचे अक्षर मे महिन्यात आणि बर्मिंगहॅमचे जुलै महिन्यात बदलत असे. १ जानेवारी १९७५ पासून सर्व कचेऱ्यांचे अक्षर एक झाले व ते जानेवारी-डिसेंबर या वर्षाशी जुळवले गेले. १९९९ पासून हे अक्षर ऐच्छिक आहे. त्यामुळे त्यानंतरच्या वस्तूवर अक्षर नसणे हे संशयाचे कारण नव्हे. कचेऱ्यांच्या इतिहासातूनही मर्यादा मिळतात. चेस्टरची कचेरी १९६२ साली आणि ग्लासगोची १९६४ साली बंद झाली. म्हणून चेस्टरचा अस्सल शिक्का असलेल्या बकलाची उत्तरमर्यादा १९६२ ठरते.

स्वित्झर्लंडची पद्धती याहून निराळी आहे. १८८० च्या कायद्याने तेथे अधिकृत चिन्हे ठरली. अठरा कॅरट सोन्यासाठी हेल्वेशिया देवतेचे मस्तक आणि चौदा कॅरटसाठी खार ही त्यांतील प्रसिद्ध चिन्हे होत. १९९५ साली या सर्वांच्या जागी सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याचे मस्तक आले. यांत वर्षाची खूण नाही. हेल्वेशियाचे मस्तक आढळले तर ते बक्कल १९९५ पूर्वीच्या शंभराहून अधिक वर्षांतील आहे, एवढेच म्हणता येते. फ्रान्समधील गरुडाचे मस्तक अठरा कॅरट सोन्याची ग्वाही १८३८ पासून देत आले आहे. तेही वर्ष सांगत नाही. तात्पर्य, शिक्का अधिकृत असणे आणि तो कालदर्शक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

(४)

सामान्य धातूंच्या बकलांवर कसाचे शिक्के नसतात. तेथे पेटंटच्या खुणांचा आधार घ्यावा लागतो. अमेरिकन पेटंटांचे अनुक्रमांक अखंड वाढत जात असल्यामुळे ते वाचणे सोपे आहे. दहा लाखावे पेटंट १९११ साली, वीस लाखावे १९३५ साली आणि तीस लाखावे १९६१ साली दिले गेले. एवढे तीन टप्पे ध्यानात ठेवले तरी प्राथमिक वर्गवारी करता येते. ब्रिटनमध्ये पूर्वी दरवर्षी क्रमांक नव्याने सुरू होत. १९१६ पासून १,००,००१ या अंकाने अखंड मालिका सुरू झाली. स्वित्झर्लंडमध्ये पेटंटपद्धती १८८८ साली आली, आणि क्रूसाच्या चिन्हापुढे अंक लिहून स्विस पेटंट दर्शवण्याचा प्रघात पडला.

जर्मन बकलांवरील संक्षेपही उपयुक्त आहेत. ‘डी. आर. पी.’ म्हणजे राइशचे पेटंट. ही पद्धती १८७७ ची. ‘डी. आर. जी. एम.’ म्हणजे उपयुक्त नमुन्याची नोंदणी. ती १८९१ पासूनची. दुसऱ्या महायुद्धानंतर राइशच्या जागी संघराज्य आल्यावर मधल्या अक्षरातही बदल झाला. ‘पश्चिम जर्मनी’ असा उल्लेख असेल तर ते बक्कल १९४९ ते १९९० या कालखंडात बसवावे लागते. दागिने व घड्याळपट्टे यांच्या धंद्याचे जर्मनीतील प्रमुख केंद्र असलेले फोर्झहाइम शहर २३ फेब्रुवारी १९४५ च्या हवाई हल्ल्यात बहुतांश उद्ध्वस्त झाले. लिखित साधने ज्या शहरात अशा आपत्तीला सामोरी गेली, तेथील वस्तूंवरील दोन-चार अक्षरांचे मोल साहजिकच वाढते. फ्रेंच वस्तूंवरील ‘एस. जी. डी. जी.’ ही अक्षरे शासन हमी देत नसल्याचे सांगतात. ती १८४४ च्या कायद्याने आली आणि १९६८ साली गेली.

या सर्व खुणा वाचताना एक पथ्य पाळले पाहिजे. पेटंटचा क्रमांक शोधाचा काळ सांगतो, वस्तूचा नव्हे. क्रमांक कोरलेला साचा कारखान्यात कित्येक वर्षे वापरला जाई. शिवराई नाण्यावर छत्रपतींचे नाव असते. परंतु शिवरायांनंतरही दीर्घकाळ अशी नाणी पाडली जात होती, हे नाणकशास्त्राच्या अभ्यासकाला ठाऊक आहे. नावावरून जसे नाणे शिवकालीन ठरत नाही, तसे १९३० च्या पेटंटवरून बक्कल १९३० चे ठरत नाही. ते १९३० पूर्वीचे नाही, एवढेच ठरते.

(५)

आता प्रत्यक्ष वर्ष सांगणाऱ्या खुणांकडे वळू. यासाठी जिनीव्हा येथील गे फ्रेर या कारखान्याचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. १८३५ साली स्थापन झालेला हा कारखाना आरंभी साखळ्या बनवीत असे. मनगटी घड्याळांच्या काळात तो धातुपट्ट्यांचा अग्रगण्य उत्पादक झाला. पातेक फिलिप, व्हाशेराँ काँस्तांतें, रोलेक्स, झेनिथ, ह्यूअर इत्यादी घड्याळकंपन्यांना त्याने पट्टे पुरवले. ओदमार पिगे कंपनीच्या १९७२ च्या ‘रॉयल ओक’ या प्रसिद्ध घड्याळाचा पट्टाही याच कारखान्याचा. १९९८ साली रोलेक्सने हा कारखाना विकत घेतला.

एकच कारखाना अनेक कंपन्यांचे पट्टे करीत होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या घड्याळांवर एकाच धाटणीचे बक्कल आढळले तर एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे अनुमान काढण्यापूर्वी दोघांचा पुरवठादार एक नव्हता ना, हे पाहिले पाहिजे.

गे फ्रेरच्या बकलांच्या आतील पात्यावर पुष्कळदा एक सुटा अंक आणि त्यापुढे दोन अंकी संख्या आढळते. पहिला अंक तिमाहीचा, पुढची संख्या वर्षाची. ‘३ ६९’ याचा अर्थ १९६९ ची तिसरी तिमाही. रोलेक्सच्या त्या काळातील पोलादी पट्ट्यांवरही हीच पद्धती दिसते. १९७६ पासून रोलेक्सच्या बकलांवर वर्षासाठी रोमन अक्षर आणि महिन्यासाठी १ ते १२ यांपैकी अंक येऊ लागला. संग्राहकांनी असंख्य नमुने ताडून ज्या सारण्या तयार केल्या त्यांनुसार ‘ए’ म्हणजे १९७६, ‘बी’ म्हणजे १९७७, याप्रमाणे क्रमाने ‘के’ म्हणजे १९८६. त्यापुढील काही अक्षरांविषयी सारण्यांत मतभेद आहेत. या सारण्या संग्राहकांनी नमुन्यांवरून बसवलेल्या आहेत, कंपनीच्या दप्तरातून आलेल्या नव्हेत. म्हणून त्यांचा उपयोग करताना आधार म्हणून त्यांचा स्पष्ट उल्लेख करणे अगत्याचे आहे.

खुणेबरोबर पट्ट्याची घडणही पाहावी. रोलेक्सच्या ‘ऑयस्टर’ पट्ट्याच्या जुन्या प्रकारात कड्या रिव्हेट मारून जोडलेल्या असत व त्यांची डोकी कडेने दिसत. पुढे घडी घातलेल्या पत्र्याच्या कड्या आल्या, आणि त्यानंतर भरीव कड्या. आतील पात्यावर पट्ट्याचा नमुना-क्रमांक असतो. डबीला टेकणाऱ्या टोकांच्या तुकड्यांवर वेगळा क्रमांक असतो व तो कोणत्या डबीसाठी तुकडा केला ते सांगतो. अमेरिकेत व मेक्सिकोत तयार झालेल्या पट्ट्यांवर त्या त्या देशाचा उल्लेख येतो. असा पट्टा स्विस घड्याळावर दिसला म्हणजे तो बनावट, असे समजण्याचे कारण नाही. कंपनीचे पट्टे या देशांतही तयार होत असत.

(६)

येथवर आपण बकलाचा काळ ठरवला. आता खरा प्रश्न येतो. समजा, एका घड्याळाच्या मागील झाकणाच्या आतल्या बाजूस रोमन तीन व पुढे ६२, म्हणजे १९६२ ची तिसरी तिमाही, असा ठसा आहे. रोलेक्सच्या त्या काळातील झाकणांवर असे ठसे असत. त्याच घड्याळाच्या बकलावर ‘२ ६९’ आहे. यावरून काय म्हणावे?

निदान चार शक्यता संभवतात. घड्याळ चामड्याच्या पट्ट्यासह विकले गेले व मालकाने १९६९ नंतर धातूचा पट्टा घेतला. मूळ धातूचा पट्टा सैल होऊन निकामी झाल्यामुळे संपूर्ण पट्टा बदलला. पट्टा मूळचाच असून केवळ बक्कल तुटले व तेवढेच बदलले. किंवा अलीकडे कोणी विक्रेत्याने दोन वेगळ्या वस्तू एकत्र आणल्या. ‘२ ६९’ हा ठसा या चौघांपैकी एकाचीही निवड करीत नाही. ती निवड करावी लागते ती टोकाच्या तुकड्यांवरील क्रमांक, कड्यांची घडण, कड्या व बक्कल यांची झीज परस्परांशी जुळते की नाही, आणि हमीपत्र, दुरुस्तीची पावती किंवा जुने छायाचित्र यांसारखी बाह्य साधने यांवरून. झाकणही बदलता येते, हे विसरून चालणार नाही.

उलट प्रकारात, म्हणजे बक्कल डबीपेक्षा वर्ष-दीड वर्षाने जुने असेल तर संशयाचे कारण नाही. सुटे भाग आधी तयार होऊन साठ्यात राहतात आणि घड्याळ नंतर जुळवले जाते. अंतर दहा वर्षांचे असेल तर मात्र पट्टा दुसऱ्या घड्याळावरून आलेला असावा, असे अनुमान बळावते.

काही बकले आपण बदली असल्याचे स्वतःच सांगतात. रोलेक्सच्या अक्षरपद्धतीत संकेताबरोबर जादा ‘एस’ हे अक्षर आढळले तर ते बक्कल दुरुस्तीच्या वेळी बसवण्यासाठी पुरवलेले होते, असे अभ्यासक मानतात. मोडी कागदाच्या पाठीवर नंतरच्या हाताचा शेरा असावा, तसे हे अक्षर आहे. शेऱ्यामुळे कागद खोटा ठरत नाही. कागदाच्या पुढील प्रवासाची माहिती मिळते.

अतिविश्वासाइतकाच अतिसंशयही घातक आहे. एखाद्या कुटुंबात घड्याळ दुसऱ्या महायुद्धात वापरल्याची परंपरा आहे, आणि बकलावर ‘पश्चिम जर्मनी’ अशी अक्षरे आहेत, असे समजू. बक्कल १९४९ पूर्वीचे नाही, हे निर्विवाद. परंतु त्यावरून कुटुंबाची परंपरा खोटी ठरवणे हे बकलाला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडी घालण्यासारखे आहे. रोजच्या वापरात झिजणारा व तुटणारा भाग पट्टाच. जे घड्याळ खरोखर अनेक वर्षे मनगटावर राहिले त्याचे बक्कल बदललेले असणे हेच अधिक स्वाभाविक आहे. तीस वर्षे वापरलेल्या घड्याळावर अगदी कोरे आणि नेमके त्याच वर्षाचे बक्कल असणे, हीच उलट चौकशीची बाब मानली पाहिजे.

(७)

या शेवटच्या मुद्द्यात एक गंभीर गोष्ट गुंतलेली आहे. जुन्या घड्याळांच्या बाजारात ‘काळाशी जुळणाऱ्या’ बकलाला वेगळी किंमत येते. त्यामुळे सुटी बकले खरीदली जातात आणि बदली बक्कल काढून त्या जागी योग्य वर्षाचे बक्कल बसवले जाते. यात प्रत्येक भाग अस्सल असतो, तरीही एकूण वस्तू खोटी साक्ष देऊ लागते. सरळ बनावट बक्कल ओळखण्यास साधने आहेत. ठशाने दाबलेल्या अक्षराच्या कडेला धातू किंचित उचलला जातो. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट असतात. लेसरने कोरलेल्या अक्षराचा तळ भिंगाखाली निराळा दिसतो. परंतु अस्सल भागांच्या अशा जुळणीविरुद्ध भिंगाचा उपयोग नाही. तेथे उपयोग होतो तो आधी केलेल्या नोंदींचाच.

म्हणून अशा वस्तूंची नोंद करताना पुढील क्रम ठेवावा. प्रथम पट्टा घड्याळावरून काढण्यापूर्वी दोहोंचे एकत्र छायाचित्र घ्यावे. नंतर बक्कल, कड्या, टोकांचे तुकडे, डबी व झाकण यांवरील खुणा स्वतंत्रपणे, जशा दिसतात तशाच, अर्थ न लावता उतरून घ्याव्यात; अस्पष्ट अक्षर तर्काने पुरे करू नये. प्रत्येक भागाची पूर्वमर्यादा व उत्तरमर्यादा वेगवेगळी लिहावी. त्यानंतरच या भागांच्या परस्परसंबंधाविषयी अनुमान मांडावे, व ते अनुमान आहे असे स्पष्ट म्हणावे. ‘घड्याळ १९६९ चे’ अशी नोंद आणि ‘डबी १९६२, बक्कल १९६९, संबंध अनिश्चित’ अशी नोंद या दोहोंत पहिली नेटकी दिसते, दुसरी खरी असते.

बदली बक्कल म्हणजे दोष, ही दृष्टी विक्रेत्याची आहे. इतिहासकाराने ती उसनी घेण्याचे कारण नाही. कोणी एके काळी घड्याळ टाकून न देता ते दुरुस्त करून घेतले, त्यासाठी पैसे मोजले आणि पुढे वापरले, याचा तो पुरावा आहे. कारखान्याच्या दप्तरात घड्याळ तयार झाल्याची नोंद सापडू शकते. ते पुढे कसे जगले याची नोंद बहुधा अशा बदललेल्या भागांवाचून कोठेच नसते. संग्रहालयाच्या ताब्यात आलेल्या घड्याळावरून असे बक्कल ‘शुद्धीकरणा’च्या हेतूने काढणे म्हणजे कागदावरील नंतरचा शेरा खरवडून टाकणेच होय. कालनिर्णयाचे शास्त्र अशा शुद्धीकरणाला साहाय्यभूत होऊ नये, एवढी दक्षता या विषयाच्या अभ्यासकाने घेतली पाहिजे.